भुताला कळते ती फक्त ऊब

ऑक्टोबरच्या अखेरच्या संध्याकाळी अमेरिकेतल्या एखाद्या मध्यमवर्गीय वस्तीत फेरफटका मारला तर एक मोठी गंमत पाहायला मिळते. एरवी ज्या देशात आगाऊ फोन केल्याशिवाय शेजाऱ्याच्याही घरी कोणी सहसा जात नाही, त्या देशात या एका संध्याकाळी अनोळखी दाराची बेल वाजवण्याची पोरासोरांना खुशाल मुभा असते. राक्षस, चेटकीण, चाचे, अंतराळवीर अशी सोंगे घेतलेली मुले हातात पिशव्या धरून घरोघर हिंडतात. ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे ‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’ असा गोड दम भरतात आणि मूठभर कँडी घेऊन पुढच्या दाराकडे पळतात. या बालपाहुण्यांच्या स्वागतासाठी अंगणात काय मांडलेले असते? तर कबरी, हाडांचे सापळे, कोळिष्टके आणि भुते! आधी घाबरवायचे आणि मग तोंड गोड करायचे, अशी ही हॅलोवीनची उफराटी आतिथ्याची रीत.

अलीकडे या भुतांच्या वागण्यात एक फरक पडला आहे. पूर्वी ती नुसती टांगलेली असत. आता ती वाट पाहतात. तुम्ही फाटकाबाहेर असेपर्यंत सापळा निपचित पडलेला असतो. चार पावले आत आलात की त्याचे डोळे पेटतात, मान वळते, शवपेटीचे झाकण करकरत वर होते. आलेल्या माणसाला ‘प्रतिसाद’ देणारी ही सजावट आता दुकानातही मिळते आणि तिचा बाजार लहान नाही. अमेरिकेतल्या दुकानदारांच्या नॅशनल रिटेल फेडरेशन या संघटनेने २०२३ मध्ये हॅलोवीनवरील एकूण खर्चाचा अंदाज १२.२ अब्ज डॉलर इतका वर्तवला होता. होम डेपो या साखळी दुकानाने २०२० मध्ये बारा फूट उंचीचा सापळा २९९ डॉलरना विकायला काढला आणि तो हातोहात खपला.

पण मला सांगायचे आहे ते विकतच्या भुतांविषयी नाही. सप्टेंबर उजाडला की गॅरेजमध्ये नाहीतर तळघरात पत्र्याचे तुकडे, वायरी आणि जुन्या मोटारी घेऊन बसणारी एक जमात तिकडे आहे. त्यात निवृत्त माणसे आहेत, शाळकरी पोरे आहेत, रात्री मूल झोपल्यावर कात्री आणि गोंद घेऊन बसणाऱ्या आयाही आहेत. ही मंडळी आपली भुते आपणच घडवतात. त्यांचे काम जवळून पाहिले तेव्हा माझ्या लक्षात आले, की भूत हलवणे ही यातली अवघड गोष्ट नव्हेच. ती आता फार सोपी झाली आहे. अवघड आहे ते समोर कोण आले आहे हे ओळखणे.

खोडीतून झालेली तडजोड

हॅलोवीनचे मूळ आयर्लंड-स्कॉटलंडमधल्या केल्टिक लोकांच्या ‘साउइन’ या सणात सांगतात. सुगी सरून हिवाळा लागण्याची ती वेळ. त्या रात्री मृतांच्या आणि जिवंतांच्या जगामधला पडदा विरळ होतो, अशी समजूत. पुढे १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती संतांचा दिवस ठरला आणि त्याची आदली संध्याकाळ ती हॅलोवीन. आयर्लंडमध्ये सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश कुटुंबे मोठ्या संख्येने अमेरिकेत आली. तिथे त्यांना सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा भोपळा आयताच मिळाला.

अमेरिकेत मात्र हा दिवस बराच काळ पोरांच्या खोड्यांचा होता. १९३० च्या दशकात, महामंदीच्या दिवसांत, या खोड्या नासधुशीवर गेल्या. तेव्हा आईबापांनी एक युक्ती काढली. पोरांनी रस्त्यावर धुडगूस घालण्यापेक्षा घरातच त्यांना भुताटकी दाखवावी! १९३७ सालच्या एका पुस्तिकेत अशा ‘भीतीच्या वाटे’ची कृती दिलेली आहे. वाट अंधारी ठेवायची, छताला ओले स्पंज आणि केसांना बांधायच्या जाळ्या टांगायच्या, कोपऱ्यांतून विव्हळण्याचे आवाज काढायचे. बस्स! यात वीज नाही, यंत्र नाही. स्पंज जागचा हलतसुद्धा नाही. चालणारा स्वतःच त्याच्याकडे जातो आणि गालाला गार स्पर्श झाला की किंचाळतो. आज ज्याला ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणतात, ते याहून निराळे काय आहे?

दारोदार कँडी मागण्याची रीतही याच सुमारास रुजू लागली. दुसऱ्या महायुद्धात साखरेवर रेशनिंग आल्याने ती मंदावली आणि १९४७ मध्ये ते उठल्यावर सर्वत्र पसरली. म्हणजे मुलांनी खोड्या सोडायच्या, मोठ्यांनी खाऊ द्यायचा आणि घाबरवण्याचा हक्क मुलांकडून मोठ्यांकडे जायचा, अशी ही तडजोड झाली. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर ही दुहेरी नोंद आहे. भीती ‘नावे’ टाकली की त्याच क्षणी खाऊ ‘जमा’ झाला पाहिजे. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर हिशेब चुकला.

भुताच्या पोटात काय असते?

आता ज्यांना हे घरी करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी थोडी यंत्रविद्या. घाबरू नका, हे सारे माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसालाही समजले आहे.

सर्वांत सोपा प्रकार पायपुसण्याचा. पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्यावेत आणि प्रत्येकाच्या एका बाजूस पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद चिकटवावा. चकचकीत बाजू समोरासमोर ठेवून मध्ये भोके पाडलेला पातळ फोम घालावा. एका कागदाला बॅटरीची एक वायर आणि दुसऱ्याला बझरची एक वायर जोडावी. बॅटरी आणि बझर यांची उरलेली टोके एकमेकांना जोडावीत. वर पायपुसणे अंथरावे. पाय पडला की फोम दबतो, भोकांतून दोन्ही कागद एकमेकांना टेकतात, वीज वाहू लागते आणि बझर कोकलतो. ही दारावरची घंटाच आहे, फक्त बोटाऐवजी पायाने वाजणारी. दहा वर्षांचे मूल आईच्या मदतीने एका दुपारी ती करू शकते.

पुढची पायरी सेन्सरची. आपल्याकडे कार्यालयांच्या जिन्यात माणूस आला की आपोआप लागणारे दिवे असतात, त्यात पांढऱ्या घुमटीसारखी एक वस्तू दिसते. तिला ‘पीआयआर’ सेन्सर म्हणतात. तो स्वतः काहीही सोडत नाही, नुसता पाहत असतो. मात्र प्रकाश पाहत नाही, उष्णता पाहतो. माणसाच्या अंगातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. घुमटीखालच्या संवेदकाचे दोन भाग असतात. समोर सारे स्थिर असेल तर दोघांना सारखेच दिसते. ऊब असलेले काही सरकले की ते आधी एकाला दिसते आणि मग दुसऱ्याला. या फरकालाच सेन्सर ‘कोणीतरी आले’ असे समजतो. घुमटी ही खरे तर भिंग असते आणि ती समोरच्या जागेचे पट्टे पाडून देते, त्यामुळे हा फरक ठळक होतो. हौशी लोक वापरतात तो सेन्सर दोन-चार डॉलरना मिळतो आणि सुमारे सात मीटरपर्यंतचा माणूस टिपतो. त्यावर दोन बारीक स्क्रू असतात. एकाने तो किती लांबचे पाहील ते ठरते, दुसऱ्याने त्याची आरोळी किती वेळ टिकेल ते ठरते. वीज दिल्यावर स्थिर व्हायला त्याला मिनिटभर लागते. तेवढा धीर धरावा.

सेन्सरने वर्दी दिली, पण ती ऐकून काम करणारा कोणीतरी हवा. ते काम पत्त्याच्या पानाएवढ्या एका बोर्डाचे. इटलीतल्या इव्रेआ गावच्या संरचना-शिक्षणाच्या संस्थेत २००५ मध्ये ‘आर्डुइनो’ नावाचा बोर्ड तयार झाला. अभियंते नसलेल्या विद्यार्थ्यांनाही यंत्रांशी खेळता यावे, हा त्यामागचा हेतू. नाव ठेवले ते गावातल्या एका बारवरून! या बोर्डाला संगणकावरून एकदा सूचना लिहून दिल्या की तो त्या न कंटाळता पाळत बसतो. सूचनाही साध्या असतात. सेन्सरकडे पाहत राहा. वर्दी आली तर डोळ्यांचे दिवे लाव, मोटर अर्धी फिरव, आवाज वाजव. दहा सेकंद थांब. सर्व पूर्ववत कर आणि पुन्हा पाहत राहा.

मान वळवण्यासाठी ‘सर्व्हो’ नावाची चिमुकली मोटर वापरतात. तिला सांगितलेल्या कोनात वळून थांबणे तेवढे समजते. हौशी लोक नेहमी वापरतात त्या लहान सर्व्होचे वजन जेमतेम नऊ ग्रॅम असते. शवपेटीचे झाकण उचलायचे तर ताकद हवी. तिथे भंगारातून आणलेली गाडीच्या वायपरची मोटर उपयोगी पडते. ती बारा व्होल्टवर चालते, हळू फिरते आणि भलतीच जोरकस असते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. मोठ्या मोटरची वीज बोर्डातून घेऊ नये. तिला स्वतंत्र पुरवठा द्यावा आणि बोर्डाने मध्ये रिले घालून फक्त खटका दाबावा. बँकेत साहेब सही करतो, रोकड खजिनदार मोजतो, तशीच ही कामाची वाटणी.

ज्यांना मोटारींचा खटाटोप नको, त्यांच्यासाठी एक फार जुनी युक्ती आहे. २४ डिसेंबर १८६२ रोजी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी चार्ल्स डिकन्सच्या कथेवरील प्रयोगात रंगमंचावर पारदर्शक भूत उभे केले. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. प्रेक्षक आणि रंगमंच यांच्यामध्ये मोठी काच तिरपी ठेवायची आणि खाली लपलेल्या नटावर झगझगीत प्रकाश टाकायचा. त्याचे प्रतिबिंब काचेत पडते आणि आरपार दिसणाऱ्या रंगमंचावर भूत चालते आहे असे वाटते. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडच्या ‘हाँटेड मॅन्शन’मध्ये १९६९ पासून नाचणारी भुते याच तत्त्वावर नाचतात. घरी हेच करायला पुठ्ठ्याचे खोके, पंचेचाळीस अंशांत बसवलेला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणि एक टॅब्लेट पुरतो.

यंत्राला वय कळत नाही

एवढे झाले म्हणजे सजावट झाली का? मला तसे वाटत नाही. सेन्सरला कळते ती फक्त ऊब. दांडगट पंधरा वर्षांचा मुलगा, चार वर्षांची चिमुरडी, दम लागलेली आजी आणि शेजारचा कुत्रा, हे सारे त्याच्या लेखी सारखेच. कोणीतरी आले हे त्याला समजते, कोण आले हे समजत नाही. आणि भीतीच्या बाबतीत तर ‘कोण’ यावरच सारे अवलंबून असते. पंधरा वर्षांच्या पोराला ज्याने हसू फुटते, त्याने चार वर्षांचे मूल रात्रभर झोपत नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात मी मुलीकडे न्यू जर्सीत होतो. समोरच्या घरात कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहत. त्यांच्या अंगणातली शवपेटी त्या गल्लीचे भूषण होती. सेन्सर, वायपरची मोटर, आत हिरवा दिवा, असा सारा जामानिमा. पण हे गृहस्थ स्वतः संध्याकाळभर ओसरीच्या अंधारात खुर्ची टाकून बसत. सेन्सर आणि मोटर यांच्यामध्ये त्यांनी खटक्याचे एक साधे बटण टाकले होते आणि त्याची लांब वायर हातात धरली होती. मोठी मुले आली की यंत्राला मोकळे सोडत. लहान मूल दिसले की बटण बंद!

मधमाशीचे सोंग घेतलेला चार-पाच वर्षांचा एक मुलगा फाटकाशीच अडला. पुढच्या मुलांच्या किंकाळ्या त्याने ऐकल्या होत्या. आईचा कोट घट्ट धरून तो उभा राहिला. म्हातारबुवा उठले, पण कँडी घेऊन त्याच्याकडे गेले नाहीत. त्यांनी शवपेटीचे झाकण हाताने उघडले, आत टॉर्च मारला आणि लांबूनच त्याला बोलावून मोटर दाखवली. पावसात गाडीची काच पुसते ना, तीच ही, असे काहीसे ते सांगत होते. मूल एकेक पाऊल पुढे आले. मग त्यांनी ते बटण त्याच्या मुठीत दिले. त्याने दाबले, झाकण उघडले. पुन्हा दाबले, पुन्हा उघडले. पुढची दहा मिनिटे गल्लीतल्या सर्व मोठ्या पोरांना घाबरवण्याचे खाते त्या मधमाशीकडे होते. शेवटी त्याने स्वतःच्या बापालाही एकदा दचकवले आणि मगच तो कँडी घेऊन गेला.

मला या साऱ्या तंत्रज्ञानातले ते बटण सर्वांत मोलाचे वाटले. म्हणून घरी सजावट करणाऱ्यांना माझे सांगणे आहे, की निदान एक तरी भूत असे असावे जे आपणहून उडी मारत नाही, मुलाने बटण दाबले तरच हलते. घाबरायचे की नाही हे मुलाने ठरवावे. त्यात भित्र्या मुलाचा मान राहतो आणि धीट मुलाची मजाही कमी होत नाही.

बाकीची पथ्येही याच जातीची आहेत. पायऱ्यांजवळ दचकवणारे काही ठेवू नये, मूल मागे सरते आणि पडते. येण्याजाण्याची वाट उजेडाची असावी. भोपळ्यात मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा, कारण सोंगांचे झगे झोळदार असतात आणि चटकन पेट घेतात. भराभर लुकलुकणारे दिवे टाळावेत, अपस्माराचा त्रास असलेल्यांपैकी काहींना त्याने झटका येऊ शकतो. घरगुती विजेशी मुलांनी खेळू नये, सारे बॅटरीवर भागवावे. झाडांवर पसरलेल्या कृत्रिम कोळिष्टकांत पक्षी अडकतात, तेव्हा ती बाहेर लावूच नयेत. आणि चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्या मुलाला ओसरी चढता येत नाही हे लक्षात घेऊन एक भूत आणि कँडीची एक टोपली फाटकाशीच ठेवावी. यातले काहीही यंत्राला सुचणार नाही.

बागुलबुवा आणि किल्ला

आमच्या लहानपणी भीतीचे खाते बागुलबुवाकडे होते. जेवला नाहीस तर येईल, झोपला नाहीस तर धरून नेईल! हा बागुलबुवा कधी कोणाला दिसला नाही आणि म्हणूनच तो कधी संपलाही नाही. जिन्याखालच्या अंधारात तो आपला बसलेलाच असे. मोठेपणी बागुलबुवाचे नाव बदलते इतकेच. हॅलोवीनच्या भुताचे मला कौतुक वाटते ते यासाठी, की ते समोर येते, हाडांची मोळी दाखवते आणि वर खाऊ देते. ज्याने त्याची मोटर पाहिली त्याला अंधाराचा एक कोपरा कायमचा मोकळा झाला.

ऋतूही तोच आहे ज्या ऋतूत आपल्याकडे मुले मातीत हात घालतात. दिवाळीचा किल्ला म्हणजे दुसरे काय? विटा, पोती, चिखल, हळीव पेरून उगवलेले गवत, आणि गल्लीतल्यांनी येऊन पाहावे म्हणून केलेला सारा आटापिटा. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला आली. मुलीच्या दारात एकाच पायरीवर पणती आणि कोरलेला भोपळा शेजारी शेजारी होते. नातवाने ओसरीवर किल्ला केला होता आणि आदल्या वर्षीचे ते कागदी पायपुसणे त्याच्यासमोर अंथरले होते. यंदा मात्र त्याला बझर नव्हता. पाय पडला की नगारा वाजत होता. सोंगे घेऊन आलेली अमेरिकन मुले कँडी विसरून महाराजांसमोर पुन्हा पुन्हा पाय आपटत होती. विकत आणलेला बारा फुटी सापळा असा किल्ल्याच्या नोकरीला लावता आला नसता. स्वतःच्या हाताने केलेली वस्तू उसवून पुन्हा शिवता येते.

सहा फुटांची नळी

२०२० च्या हॅलोवीनला साथीमुळे एकमेकांपासून सहा फूट दूर राहायचे होते. दार उघडून पोराच्या पिशवीत हाताने कँडी टाकणे धोक्याचे. तेव्हा अमेरिकेत अनेक ठिकाणी लोकांनी ओसरीच्या कठड्याला प्लास्टिकच्या नाहीतर पुठ्ठ्याच्या लांब नळ्या तिरप्या बांधल्या. वरच्या टोकाशी घरमालक, खालच्या टोकाशी पिशवी घेतलेले मूल. वरून कँडी सोडायची, ती घरंगळत खाली यायची. काहींनी नळीला काळी-नारिंगी फीत गुंडाळली, काहींनी दिव्यांच्या माळा लावल्या. यात सेन्सर नव्हता, बोर्ड नव्हता, सूचनांची एक ओळ नव्हती. तरी त्या वर्षीची ती सर्वांत शहाणी सजावट होती, असे मी म्हणेन. कारण ती करणाऱ्याने आधी समोरच्या मुलाचा विचार केला होता आणि मग नळी कापली होती.

१ नोव्हेंबरला ही सारी भुते पुन्हा खोक्यांत जातात. मोटारी पुसून, वायरी गुंडाळून, खोक्यावर चिठ्ठी चिकटवून. जाणते लोक एक गोष्ट आवर्जून करतात. सेन्सरचे ते दोन स्क्रू कुठवर फिरवले होते त्याची खूण करून ठेवतात. पुढच्या वर्षी तीच मुले येणार असतात, पण ती वर्षभराने मोठी झालेली असतात. कोणासाठी स्क्रू किती फिरवायचा, हे मात्र दरवर्षी फाटकाकडे पाहूनच ठरवावे लागते.